ल्यूकच्या बनातला रविवार

११ मार्च २०२५, नोव्हाय

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पार्किन्सन्स दिसतोय, एक वही घाला. गोळी किती वाजता दिली, किती वेळा पडले, जेवताना ठसका लागला का, सगळं रोज लिहायचं. म्हणून ही वही. पहिल्या पानावर रकाने आखले, आणि दुसऱ्या पानावर लक्षात आलं की रकान्यांत मावेल एवढंच मला बोलायचं नाहीये. मग वही उलटी करून मागून सुरुवात केली. पुढून नवऱ्याचं, दिगंबरचं, मागून माझं.

आज तो दोनदा पडला. दोन्ही वेळा मागे, उताणा. म्हटलं, "अरे, माणसं पुढे पडतात, तू मागे कसा पडतोस?" हल्ली याचं बोलणं म्हणजे उन्हाळ्यातला नळ, दोन थेंब आले तर आले. आणि जेवताना ताटाकडे बघतही नाही. सगळं शर्टावर. मी काय वाईट स्वयंपाक करते?

१४ मार्च

ठरलं. दिगंबरला बेल्जियमला न्यायचं. अजून कुणाला सांगितलेलं नाही. लेकीला, उर्वीला तर नाहीच, ती सनीव्हेलमध्ये बसून आधी इन्शुरन्स विचारेल.

हा माणूस अडतीस वर्षं गाड्यांच्या कंपनीत हायड्रॉलिक्समध्ये होता, पण जीव अडकलेला बेल्जियममधल्या एका जुन्या कालव्यावरच्या चार लिफ्टांत. माणसांच्या नव्हेत, होड्यांच्या. लोखंडाचे दोन प्रचंड हौद, पाण्याने भरलेले, प्रत्येक एकेका जाड दांड्यावर उभा. एक वर, एक खाली. वरच्यात थोडं जास्तीचं पाणी घेतलं की तो आपसूक खाली येतो आणि खालचा वर जातो, आतल्या होडीसकट. मोटार नाही, वीज नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला हे दोन पातेली घेऊन समजावलं होतं. मी मनात म्हटलं, देवा, कुणाच्या गळ्यात पडले मी!

त्या कालव्याकाठी एक गाव आहे, बोआ-द्यू-ल्यूक. म्हणजे ल्यूकचं बन. बन आहे म्हणे नावापुरतंच, खरी तिथे कोळशाची खाण होती. दिगंबरला या फ्रेंच बनांचं भारी वेड. आमच्या या सबडिव्हिजनचं, म्हणजे वसाहतीचं, नाव बोआ व्हेर, हिरवं बन. त्या नावावर भाळून त्याने घर घेतलं. झाडं कापूनच ही घरं बांधलीत. दारात एक मेपल उरलाय, आणि मेलमन बॉइस व्हर्ट म्हणतो.

मे १९८३ मध्ये कंपनीने याला दोन आठवडे तिथल्या एका पंपांच्या कारखान्यात पाठवलं. पंधरा तारखेचा रविवार लिफ्ट बघायला राखून ठेवलेला. मी सातव्या महिन्यात. शनिवारी रात्री मला इथे कळा सुरू झाल्या. शेजारच्या दीपाने हॉस्पिटलात नेलं, तिनेच याच्या हॉटेलवर फोन लावला. तिथे पहाटेचे पाच. लिफ्ट सोडून हा बिचारा विमानतळावर धावला, तर विमानात जागा नाही. अख्खा रविवार ब्रसेल्सच्या विमानतळावर बसून काढला त्याने. सोमवारी संध्याकाळी सहाला पोचला. बाळ एकतीस तास होतं. सोमवारी सकाळी दहाला गेलं. मुलगा होता. नाव ठेवायच्या आतच गेला, हॉस्पिटलच्या फॉर्मवर नुसतं बेबी बॉय वाटवे.

याला ना मुलगा दिसला ना लिफ्ट. आणि बेचाळीस वर्षांत एका शब्दाने बोलला नाही. पुढे तीन वर्षांनी उर्वी झाली, मग नोकरी, घर, मॉर्गेज, राहूनच गेलं. मुलगा काही मी परत आणू शकत नाही. तो रविवार आणू शकते. अजून भिंतीला धरून चालतोय तोवर न्यायचं, बस्स.

२ एप्रिल

घोळ! दिगंबरचा पासपोर्ट संपलाय. तोही भारतीय. मी आणि उर्वी अमेरिकन, आणि हा एकटा चव्वेचाळीस वर्षं ग्रीन कार्डावर. का, तर पाच वर्षांत परत जायचंय. एकोणऐंशीत म्हणाला पाच वर्षं, चौऱ्याऐंशीत म्हणाला अजून पाच. कोथरूडला फ्लॅट घेतला, भाड्याने दिला, विकला, तरी पाच वर्षं चालूच. आमच्या ग्रुपमध्ये घरटी एकेक असा नमुना आहे. आता आधी पासपोर्ट, मग त्यावर युरोपचा व्हिसा, त्यासाठी शिकागोला जाऊन बोटांचे ठसे.

उर्वीला सांगावंच लागलं. "आई, आर यू सिरियस? बाबांना बाथरूमपर्यंत नेता नेता तुझी कंबर जाते."

म्हटलं, "कंबर माझी आहे."

"बट डझ ही इव्हन वॉन्ट टू गो? विचारलंस का त्यांना?"

विचारायचं काय त्यात? जन्मभर दुसरं काय मागितलंय त्याने? तरी विचारलं. दूध पीत होता, ठसका लागला. तो रकान्यात लिहिला.

१९ एप्रिल

दीपा आली होती. तिला बेल्जियमचं सांगितलं तर चहा तसाच ठेवला.

"नको गं मालिनी. कशाला?"

"कशाला म्हणजे? तूच फोन केला होतास ना त्या दिवशी? तुला तर माहीत आहे त्याने काय सोडलं."

"झाली त्याला किती वर्षं! जुनं उकरून काय करणार आहेस?"

मला राग आला. हिचा नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली, माझा अजून आहे, तेवढंही बघवत नाही का हिला? असं लिहू नये. पण ही वही माझी आहे.

ती गेल्यावर दिगंबरला म्हटलं, तिथे कालव्याच्या काठी बाकावर बसू दोघं, डबा नेऊ, थालीपीठ. तर म्हणाला, "बसायला… जागा नाही. उभंच… राहावं लागतं." इतकं वाचलंय याने त्या लिफ्टांबद्दल की बाक नाहीत हेसुद्धा पाठ.

१५ मे

आज बेचाळीस वर्षं. दर वर्षी या दिवशी आम्ही काही बोलत नाही. तो गराजमध्ये जातो, मी देवापाशी एक पणती लावते.

यंदा गराजची पायरी त्याला उतरता येत नाही, म्हणून म्हटलं, चल, काहीतरी चांगलं करू. टीव्हीवर लिफ्टचा व्हिडिओ लावला. काय सुरेख! एवढा मोठा हौद, आत लाल होडी, आणि आवाज न करता वर वर येतोय. मी लहान मुलीसारखी ओरडत होते, "अरे बघ, आली बघ वर!" आणि हा? नजर टीव्हीच्या मधोमध रोवलेली. होडी पडद्याच्या वर निघून गेली तरी हा आपला तिथेच बघतोय. मला रडू आलं. आजच्या दिवशीसुद्धा माझ्यासाठी जराशी मान वर करता येत नाही तुला? असं म्हटलंही मी. टीव्ही बंद करून टाकला.

रात्री पणती लावली तेव्हा त्याचे हात मांडीवर होते, आणि मुठी घट्ट. चेहऱ्यावर मात्र काही नाही. हल्ली काहीच नसतं.

३ जून

पार्किन्सन्स नाही. दुसरंच निघालं. नाव लांबलचक आहे, कागदावर लिहून दिलंय, पुढच्या बाजूला डकवलं.

डॉक्टरीणबाईंनी बोट डावीकडे-उजवीकडे नेलं, याचे डोळे बोटामागे गेले. वर नेलं, खाली नेलं. डोळे जागेवर. पुन्हा नेलं. पुन्हा तेच. मला म्हणाल्या, वर-खाली बघणारी यंत्रणाच निकामी होतेय. म्हणून ताटातलं दिसत नाही, म्हणून पायरी दिसत नाही, म्हणून मागे पडणं. चेहरा गोठतो तोही त्याचाच भाग. पुढे बोलणं जाईल, मग गिळणं. औषध नाही. "किती?" म्हटलं. म्हणाल्या, "बोलून घ्यायचं असेल ते या वर्षी बोलून घ्या."

मी त्या व्हिडिओपायी याला काय काय बोलले! घरी आल्यावर पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, त्याला दिसलं नसतं.

५ जून

ताट आता पुस्तकांच्या चवडीवर ठेवते, डोळ्यांच्या रेषेत. पाच जाड पुस्तकं लागतात. आज शर्ट स्वच्छ राहिला.

८ जून

उर्वी म्हणाली, "आई, इट्स ओव्हर ना आता? वर-खाली जाणारी गोष्ट बघायला नेणार, आणि त्यांचे डोळे वर-खाली जात नाहीत. हे किती सॅड आहे तुला कळतंय का?"

कळतंय. पण मी विचार केलाय. जवळ उभं राहिलं तर वर-खाली बघावं लागतं. लांब, कालव्याच्या पार टोकाला व्हीलचेअर लावली तर अख्खी लिफ्ट एका नजरेत मावेल. लांबून सगळंच सरळ समोर असतं. हे सांगितलं तर उर्वी फोनवर रडायला लागली. मी म्हटलं, रडू नकोस, व्हीलचेअर कुठली चांगली ते बघ.

२० जून

पासपोर्टचा फॉर्म. फोटोखाली सही हवी. पहिल्या चार फॉर्मांवरची सही मुंगीएवढी, आणि तीही चौकटीबाहेर. अडतीस वर्षं ज्याच्या सहीशिवाय ड्रॉइंग पुढे जात नव्हतं त्याची ही सही.

सही येत नसेल तर अंगठा चालतो, असं लिहिलंय. शाईचं पॅड आणलं. दिगंबरचा डावा हात टेबलावर घेतला, तर मूठ बंद. एक एक बोट सोडवायला गेले. सुटेना. नव्वद पौंड उरलेला माणूस, आणि मला त्याची मूठ उघडेना!

"अरे, ताठरलाय का हात? गरम पाण्यात धरू?"

"नाही."

"मग उघड ना."

"नाही."

स्वच्छ ऐकू आलं. कित्येक दिवसांत इतकं स्वच्छ बोलला नव्हता. मला वाटलं, बरोबर आहे. अंगठेबहाद्दर व्हायचं त्याला? सीओईपीचा इंजिनियर! मानी आहे, पहिल्यापासून. मी पॅड बंद केलं. खोटं कशाला, थोडं कौतुकच वाटलं.

२१ जून

गुन्हा केला. सही मी केली.

या वहीच्या शेवटच्या चार पानांवर गिरवून घेतली आधी. त्याचा डी पोट सुटल्यासारखा, वाटवेतला टी लांब आडव्या रेघेचा. अठ्ठेचाळीस वर्षं बघतेय, हात आपोआप वळला. फॉर्म पोस्टात टाकून आले. पकडलं तर म्हणेन, सत्तरीची बाई आहे, न्या तुरुंगात, निदान तिथे कुणीतरी जेवायला वाढेल.

दिगंबरला सांगितलं नाही. त्याला वाटतंय, प्रकरण संपलं. आज किती शांत झोपलाय.

१७ जुलै

नवीन काही नाही. पडणं: तीन. ठसका: रोज. पाणीसुद्धा आता पावडर घालून घट्ट करून चमच्याने द्यावं लागतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं मी रोज त्याला बोलतं करते. शाळेचं विचारते, आईचं विचारते. शब्द येतात कधी कधी. "काही सांगायचंय का मला?" असंही विचारते. तेव्हा ओठ हलतात, मग थांबतात. दमतो बिचारा.

१ ऑगस्ट

पासपोर्ट आला! दहा वर्षांचा. दहा वर्षं! मी किचनमध्ये एकटीच हसले.

त्याच्या डोळ्यांसमोर धरला, बरोबर सरळ रेषेत. "बघ. जायचं आपल्याला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. शिकागोची अपॉइंटमेंट एकवीसची." तो बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पापण्या कमी मिटतात म्हणून पाणी येतं. पण मी म्हणते, आनंदाने.

२१ ऑगस्ट

शिकागोला पोचलो नाही.

सगळं जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

पहाटे पाचला निघालो. मीच ड्राइव्ह करत होते. आठच्या सुमाराला रेस्ट एरियात गाडी लावली, त्याच्या बाजूचं दार उघडून खाली उकिडवी बसले आणि कुस्करलेलं केळं भरवायला लागले. तिसऱ्या चमच्याला त्याने तोंड मिटलं.

"परत."

"अजून हवं?"

"परत… जाऊ."

"अरे, दोन तासांचा रस्ता राहिलाय. बोटं टेकवायची आणि निघायचं."

"मी गेलो… होतो."

"कुठे?"

पुढचं सगळं यायला वीस मिनिटं लागली असतील. मधे मधे मला वाटलं, भ्रम झालाय. नव्हता झाला.

"त्या… रविवारी."

"विमानतळावर. माहीत आहे मला."

"नाही. लिफ्टला."

मी चमचा धरून तशीच बसले. समोर एक बाई कुत्र्याला फिरवत होती. तो पुढे बोलत होता, एकेक शब्द ढकलत. फोन आला. विमान दुपारी होतं. वाटलं, दोन तासांत जाऊन येऊ. सातव्या महिन्यात कळा येतात, थांबतात, असं त्याला वाटलं. लिफ्टला न्यायला ठरवलेला गाडीवाला खाली येऊन थांबला होता. विमान चुकलं.

विमानात जागा होती. दुपारी बसला असता तर रविवारी रात्री इथे पोचला असता. सोमवारी सकाळी दहापर्यंत बाळ होतं. अख्खी रात्र होती. नर्सने दोनदा विचारलं होतं मला, वडील कधी येतायत.

मी त्याच्याकडे बघितलं. डोळे मोठे, सरळ पुढच्या काचेतून बाहेर. मी खाली बसलेली, त्याला दिसतही नव्हते. हा आजार याच्या चेहऱ्यावर काहीच ठेवत नाही. वाईट वाटतंय, का सांगून सुटल्यासारखं झालंय, का नुसतं केळं नकोय, सगळ्याला एकच चेहरा. जन्मात एकदा मला त्याच्या तोंडाकडे बघून काहीतरी कळायला हवं होतं, तर तेही नाही.

तोंड पुसलं त्याचं. दार लावलं. गाडी वळवली. तीन तास नुसती गाडी चालवली. घरी आल्यावर साडेअकराची गोळी साडेबाराला दिली. रकान्यात लिहिलंय.

२२ ऑगस्ट

बेचाळीस वर्षं मी हे सगळ्यांना सांगत आले. मंडळाच्या पिकनिकला, उर्वीच्या लग्नात, नव्या नवऱ्या मुलींना. बायांनो, नवरा असावा तर असा, आयुष्यभराचं स्वप्न टाकून विमानतळावर धावला. आणि हा तिथेच, हातात सरबताचा ग्लास घेऊन, ऐकत उभा असायचा! एकदा तरी म्हणायचं, मालिनी, पुरे. मी समजायचे, लाजतोय.

२७ ऑगस्ट

आज गणपती. मूर्ती बेसमेंटमधून वर आणली नाही.

दीपा मोदक घेऊन आली. दारातच विचारलं, "तुला माहीत होतं?"

तिने डबा खाली ठेवला. म्हणाली, "दुपारी परत फोन केला होता मी. हॉटेलवाला म्हणाला, सामान इथेच आहे, साहेब गाडीने फिरायला गेलेत. तू बाळाच्या काचेच्या पेटीला हात लावून बसली होतीस गं. तेव्हा कसं सांगू? आणि नंतर तू त्याचं इतकं कौतुक करायला लागलीस की सांगायची वेळच गेली."

म्हणजे तिलाही माहीत. मला एकटीलाच नाही. मोदक परत दिले. तिने नेले नाहीत, पायरीवर ठेवून गेली. संध्याकाळी खारी येऊन खात होत्या, मी काचेतून बघत होते.

उर्वीला सांगितलं, व्हिसा नाकारला. ती म्हणाली, "आयॅम सॉरी आई. बट मेबी इट्स फॉर द बेस्ट." तिला हायसं वाटलेलं आवाजातून लपत नव्हतं. खरं काय ते तिला सांगणार नाही. तिचे बाबा तिला राहू देत.

दिगंबरला सगळं वेळेवर करते. आंघोळ, गोळी, घास. बोलत नाही. तोही बोलत नाही. नुकती दोन-चार वाक्यं येत होती, तीही मी विचारलं तरच यायची, आणि मी विचारायचं सोडलंय. असे सहा दिवस गेले नाहीत तोच आज त्याला "पाणी" म्हणता आलं नाही. नुसता "पा" आला.

३१ ऑगस्ट, रविवार

सकाळी घाबरले. उद्या "पा"ही येईनासा झाला तर मला हे कधीच कळणार नाही. राग आहेच, तो कुठे जात नाही. पण मला जाणून घ्यायचं होतं. ज्याच्यासाठी माझं पोर बापाविना गेलं, ते निदान बघण्यासारखं तरी होतं का? होडी वर येताना कसं दिसतं? एवढं कळलं तर मी कुठेतरी ठेवून देईन ते, असं वाटलं. डोंगराएवढी काहीतरी देखणी गोष्ट असेल आणि माणूस भुलला असेल, तर निदान भुलण्याजोगं तरी होतं असं म्हणता येईल.

डायनिंगची खुर्ची त्याच्यासमोर ओढली. दोन उशा घेऊन बसले, तेव्हा माझं तोंड त्याच्या डोळ्यांसमोर आलं. दहा दिवसांनी त्याने मला बघितलं.

"सांग. काय बघितलंस त्या दिवशी? सगळं सांग. लिफ्ट कशी हलते?"

ओठ हलायला लागले. मी घाई केली नाही. बाहेर शेजाऱ्याने गवत कापायला घेतलं आणि संपवलंसुद्धा.

"बंद."

"काय बंद?"

"लिफ्ट. रविवारी… बंद… असते."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"हललीच नाही? म्हणजे तू काहीच बघितलं नाहीस?"

"नाही."

"मग परत का नाही आलास? विमान दुपारचं होतं!"

त्याच्या हनुवटीवर लाळ आली, मी पुसली नाही.

"हॉटेलवर… फोन… आला असता."

एवढंच. मी पुढचं विचारत गेले आणि तो हो किंवा नाही म्हणत गेला. गाडीवाल्याला त्याने परत पाठवून दिलं होतं. कुंपणापाशी उभा राहिला. बारा वाजले, विमानाची वेळ झाली, तरी उभा. लिफ्ट हलायची वाट नव्हता बघत, ती त्याने केव्हाच सोडली होती. मुलगा गेल्याचा फोन येईल म्हणून घाबरला होता. हॉटेलात गेलो नाही तर फोन येणार नाही, असं वाटलं त्याला. हायड्रॉलिक्सचा इंजिनियर, आणि अक्कल एवढी. तेव्हा मुलगा होता रे. जिवंत होता. बाबाच्या बोटाला धरून मूठ मिटली असती त्याने, माझ्या बोटाला मिटली होती.

"किती वेळ उभा होतास?"

"अंधार… पडेपर्यंत."

माफ केलेलं नाही आणि करणार नाही. एखाद्या सुंदर गोष्टीपायी झालं असतं तर एक वेळ केलंही असतं. इथे तर काहीच नव्हतं. बंद फाटक, आणि एक एकोणतीस-तीस वर्षांचा घाबरट माणूस. आता हा माणूस मी चमच्याने भरवून सांभाळायचा, गिळता येईनासं होईपर्यंत, आणि मग हे सगळं माहीत असलेली मी एकटी उरणार.

उठायला लागले तर त्याचे ओठ परत हलले. थांबले.

"पाऊस… होता."

"छत्री होती का?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"नाही."